वाचकांचे प्रश्न : वॉलआयसाठी क्रँकबेट, मोजक्या पैशांत

प्रश्न : मी मिनेसोटात राहतो. एक लहान होडी आहे आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या तळ्यांवर वॉलआय या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी ट्रोलिंग करतो, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेतो. गेल्या दोन मोसमांत चौदा क्रँकबेट, म्हणजे लहान माशाच्या आकाराची, गळ लावलेली खोटी आमिषे, विकत घेतले; त्यांची यादी सोबत जोडली आहे. तरीही मासे लागतात ते बहुधा शेजारच्या होडीला. यंदा 60 डॉलरच्या वर खर्च करायचा नाही, असे घरात ठरले आहे. कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या रंगाचे क्रँकबेट घ्यावेत?

उत्तर : आपली यादी वाचताना एक गोष्ट लगेच नजरेत भरली. चौदापैकी अकरा क्रँकबेट एकाच घडणीचे आणि एकाच मापाचे आहेत. त्यांच्यात फरक आहे तो फक्त रंगाचा. म्हणजे आपल्यापाशी एकच क्रँकबेट आहे आणि त्याचे अकरा अंगरखे आहेत, आणि तो 5-6 फुटांच्या खाली जाणाऱ्यांतला नाही. मे महिन्याच्या मध्यावर मिनेसोटात मोसम उघडतो, तेव्हा वॉलआय उथळ पाण्यात असतात आणि त्या काळात आपल्याला मासे लागलेही असतील; पण पाणी तापू लागले आणि मासे 12 ते 18 फुटांच्या कडांवर सरकले की त्यांच्या डोक्यावरून, बऱ्याच उंचावरून, आपले अकराही रंग निघून जातात. शेजारच्या होडीचे गुपित बहुधा याहून मोठे नसावे.

दुकानातील मांडणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी केलेली असते आणि म्हणून तिथे रंग आधी दिसतो. मर्यादित पैशांत खरेदी करणाऱ्याने हा क्रम उलटा करावा. आधी खोली पाहावी, नंतर अंगाची घडण आणि माप, आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा. कंपनीचे नाव या क्रमात मी मुद्दामच घेतलेले नाही, कारण वॉलआयच्या बाबतीत नावाजलेल्या चार-पाच कंपन्यांचा माल पुरेसा चांगला असतो आणि त्यांतला फरक हा नवशिक्याच्या चुकांपेक्षा फारच लहान असतो.

क्रँकबेटच्या तोंडाशी जी पट्टी असते, जिला सगळेच लिप म्हणतात, तीच त्याला खाली नेते. लिप आखूड आणि खाली झुकलेली असेल तर क्रँकबेट उथळ धावतो. ती लांब, रुंद आणि अंगाच्या सरळ रेषेत पुढे आलेली असेल तर तो खोल जातो. हे एकदा डोळ्यांना सरावले की खोका न वाचताही दुकानात निम्मी निवड होते. खोक्यावर खोलीचा आकडा असतो, पण तो ठरावीक जाडीच्या आणि ठरावीक लांबीच्या दोऱ्यासाठी असतो, हे लक्षात ठेवावे. दोरा जितका बारीक तितका पाण्याचा अडथळा कमी, आणि म्हणून 10 पौंडांचा ताण झेलणाऱ्या मोनोफिलामेंटऐवजी, म्हणजे एकेरी नायलॉनच्या दोऱ्याऐवजी, त्याच ताकदीचा विणीचा दोरा, म्हणजे ब्रेड, वापरला तर तोच क्रँकबेट काही फूट अधिक खाली जातो. दोरा अधिक सोडला तरी खोली वाढते, अर्थात एका मर्यादेपर्यंत. त्या मर्यादेनंतर पाण्यातल्या दोऱ्याचाच अडथळा इतका होतो की क्रँकबेट आणखी खाली उतरू शकत नाही. होडीचा वेग वाढवला की क्रँकबेट खोल जातो, अशी समजूत मात्र अनेकांची असते आणि ती बहुतांशी चुकीची आहे. साध्या, तरंगत्या क्रँकबेटची खोली वेगाने फारशी बदलत नाही. बदलते ती त्याची वळवळ.

वॉलआयच्या नावातच डोळा आहे. त्याच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूस प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे पहाटे, संध्याकाळी, गढूळ पाण्यात आणि वाऱ्याने लाटा उठल्या असताना त्याला त्याच्या भक्ष्यापेक्षा चांगले दिसते, आणि तो शिकार करतो तीही मुख्यतः अशाच वेळी. तो वरच्या अंगाला जाणारे भक्ष्य टिपायला सरावलेला असतो. खाली वाकून खाण्याची त्याची वृत्ती कमी. त्यामुळे मासे शोधणाऱ्या ध्वनीयंत्राच्या (सोनारच्या) पडद्यावर मासे 15 फुटांवर दिसत असतील तर क्रँकबेट 13-14 फुटांवर असावा. 16 फुटांवर असला तर तो नसल्यात जमा आहे. तळाशी लागून असलेल्या माशांसाठीही क्रँकबेट तळापासून फूट-दोन फूट वर धावेल असे पाहावे. कठीण, वाळूच्या किंवा खड्यांच्या तळावर तो अधूनमधून टेकला आणि धूळ उडाली तर ते चालते, किंबहुना लाभतेही. शेवाळात किंवा मोठ्या खडकांत तेच महागात पडते.

आता आपल्या 60 डॉलरचे काय करावे ते पाहू. नेहमीच्या विक्रीतल्या क्रँकबेटची किंमत साधारण 6 ते 8 डॉलर धरली, तर आठ नग येतात, आणि त्यांची वाटणी मी पुढीलप्रमाणे करीन. दोन नग लांबट, सडपातळ आणि आखूड लिपचे, ज्यांना मिनो किंवा स्टिकबेट म्हणतात; हे मोसमाच्या आरंभीच्या थंड पाण्यासाठी आणि शरदातल्या रात्रींसाठी. चार नग शॅड घडणीचे, म्हणजे मधे फुगीर आणि शेपटीकडे निमुळते. त्यांपैकी दोन 5 सेंटिमीटरचे आणि दोन 7 सेंटिमीटरचे. बर्कलीचा फ्लिकर शॅड किंवा रापालाचा शॅड रॅप हे यातले सर्वपरिचित नमुने, आणि दोहोंच्या नावापुढचा 5 किंवा 7 हा आकडा त्यांची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो, त्यामुळे माप निवडताना गोंधळ होत नाही. फ्लिकर शॅड प्लास्टिकचा आणि स्वस्त, शॅड रॅप बाल्साच्या लाकडाचा आणि महाग. बाल्सा हलका असल्याने त्याची वळवळ अगदी मंद वेगातही जिवंत राहते, पण वाऱ्यात तो दूर फेकता येत नाही आणि खडकावर आपटला तर चटकन दुखावतो. ट्रोलिंगमध्ये फेकण्याचा प्रश्नच नसतो, तरीही पहिल्या चार नगांसाठी मी प्लास्टिकच सुचवीन. उरलेले दोन नग लांब अंगाचे आणि लांब लिपचे, 20 फुटांच्या पलीकडे उतरणारे. ईरी सरोवरावर लोकप्रिय असलेला बँडिट वॉलआय डीप हा या जातीचा. मिनो आणि खोल जाणारे चार नग 8 डॉलरप्रमाणे 32 डॉलरचे, शॅडचे चार नग 6 डॉलरप्रमाणे 24 डॉलरचे, असे 56 डॉलर झाले. उरलेल्या 4 डॉलरमध्ये लहान, गोलाकार तोंडाच्या स्नॅपचे, म्हणजे उघडता-मिटता येणाऱ्या तारेच्या कड्यांचे, एक पाकीट घ्यावे.

त्या स्नॅपबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण कमी किमतीत सर्वांत जास्त फरक तिथे पडतो. पुष्कळ लोक दोऱ्याला मोठा, जड स्विव्हल, म्हणजे फिरती कडी, लावून त्यात क्रँकबेट अडकवतात. त्या वजनाने क्रँकबेटचे नाक खाली झुकते आणि आपण ज्या वळवळीसाठी पैसे मोजले ती निम्म्याने मरते. लहान स्नॅप पुरेसा असतो. तोही नसेल तर क्रँकबेटच्या कडीभोवती सैल फास राहील अशी गाठ मारावी. कडीवर घट्ट बसणारी गाठ त्याला एका बाजूला ओढते.

रंगासाठी प्रत्येक जोडीत एक फिका आणि एक भडक एवढेच सूत्र ठेवावे. स्वच्छ पाण्यात आणि उन्हात चंदेरी, निळसर किंवा पिवळ्या पर्च माशासारखा हिरवट पट्ट्यांचा. गढूळ पाण्यात, ढगाळ दिवशी आणि सांजवेळी पोपटी-पिवळा, नारिंगी किंवा फायरटायगर, म्हणजे हिरवा, पिवळा आणि नारिंगी असा पट्टेदार. वॉलआयच्या दृष्टिपटलात हिरव्या आणि नारिंगी-लाल छटांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे या भडक रंगांची पसंती केवळ मच्छीमारांची लहर नव्हे. याउपर रंगाची चर्चा मला होडीवरच्या गप्पांसाठी राखून ठेवावीशी वाटते.

मापाचा निर्णय मात्र तळ्यातल्या भक्ष्याकडे पाहून करावा. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या वर्षीची पिल्ले अजून बारीक असतात, म्हणून 5 सेंटिमीटरचा शॅड अधिक चालतो. उन्हाळा सरता सरता ती वाढतात आणि 7 सेंटिमीटरचा किंवा त्याहून लांब क्रँकबेट खरा वाटू लागतो. वेगाचेही असेच आहे. पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या आसपास असताना ताशी सव्वा ते दीड मैलाच्या पुढे जाऊ नये. पाणी 70 अंशांच्या घरात गेले की 2 ते अडीच मैलांचा वेगही मासे स्वीकारतात, आणि अनेकदा मंद वेगाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. वळणावर होडीच्या बाहेरच्या अंगाचा क्रँकबेट वेगाने आणि आतल्या अंगाचा संथ चालतो. मासा कोणत्या अंगाला लागला हे लक्षात ठेवले तर वेग वाढवायचा की कमी करायचा, हे फुकट कळते. मिनेसोटात खुल्या पाण्यावर सामान्यतः माणशी एकच दोरा टाकता येतो, त्यामुळे होडीत दोघे असतील तर दोन वेगवेगळ्या खोलींचे क्रँकबेट सोडावेत आणि एकाला मासा लागल्यावरच दुसरा बदलावा.

आणि आपले ते जुने अकरा फेकू नका. उथळ क्रँकबेट खोल नेण्याचा स्वस्त उपाय म्हणजे दोऱ्याला चिमट्याने अडकवायचे वजन. क्रँकबेट 50 फूट मागे सोडावा, दोऱ्याला एक किंवा दोन औंसांचे वजन अडकवावे, आणि आणखी 50 फूट दोरा सोडावा. मासा ओढताना वजन हाताशी आले की काढून घ्यावे. या पद्धतीत मात्र वेगाचा परिणाम ठळकपणे होतो: होडी मंदावली की वजन खाली बसते आणि वेग वाढला की वर उचलले जाते, म्हणून वर क्रँकबेटबद्दल जे सांगितले ते इथे लागू करू नये. दोरा किती सोडला हे मोजणारे रीळ नसेल तर दर 25 फुटांवर दोऱ्यावर पक्क्या शाईच्या पेनाने खूण करावी. शाई पुसट होत जाते, तेव्हा मोसमात दोन-तीनदा ती पुन्हा करावी लागेल. शिशाच्या गाभ्याचा दोरा, ज्याचा रंग दर 10 यार्डांनी बदलतो, हाही चांगला मार्ग आहे, परंतु त्याला मोठे रीळ लागते आणि तो खर्च यंदाच्या 60 डॉलरमध्ये बसणार नाही.

प्रश्न : ऑनलाइन विक्रीत तीस-चाळीस क्रँकबेटचा संच एका चांगल्या क्रँकबेटच्या तीन-चार पट किमतीत मिळतो. असा संच घेणे शहाणपणाचे ठरेल का? — विस्कॉन्सिनमधील एक वाचक

उत्तर : मी असा एक संच एकदा घेतला होता, म्हणून अनुभवाने लिहितो. त्यातील निम्मे क्रँकबेट उथळ आणि बास माशासाठीच्या घडणीचे होते, चार-पाच पाण्यात उताणे होऊन गिरक्या घेत होते, आणि एका बऱ्यापैकी माशाने तीनटोकी गळ सरळ करून टाकला. उरलेल्यांपैकी पाच-सहा खरोखरच उपयोगी निघाले. हिशेब केला तर त्या पाच-सहांची किंमत दुकानातल्या चांगल्या क्रँकबेटपेक्षा फारशी कमी पडली नाही, शिवाय वेळ गेला तो वेगळाच.

संच घेतलाच असेल तर पाण्यावर नेण्यापूर्वी प्रत्येक नग तपासावा. समोरून पाहिल्यास लिप अंगाच्या बरोबर मध्यभागी आणि आडवी सरळ असली पाहिजे. वाकडी चिकटलेली लिप दुरुस्त होत नाही. बादलीत कोमट पाणी घेऊन क्रँकबेट त्यात पूर्ण बुडवून धरावा. सांध्यातून बुडबुडे आले तर तो आतून पाणी पिणार, हे नक्की. गळ आणि कड्या बदलाव्यात, आणि बदलताना मूळ वजनाच्या जवळपासचेच घ्यावेत, कारण जड गळाने तरंगता क्रँकबेट बुडू लागतो. एवढे सगळे धरून संच स्वस्त पडतो का, याचा निर्णय आपणच करावा. माझ्या मते त्याच पैशांत मोसम संपल्यानंतर, ऑक्टोबर ते जानेवारीच्या सवलतीत, नावाजलेले चार नग घेणे बरे. त्या वेळी उरलेले रंग विचित्र असतात एवढेच, आणि रंगाविषयी मी वर लिहिलेच आहे. वापरलेले क्रँकबेटही खुशाल घ्यावेत. माशांच्या दातांचे ओरखडे हे प्रमाणपत्रच असते. फक्त लिप तडकलेली नाही आणि दोरा बांधायची कडी हलत नाही, एवढे पाहावे.

नवा क्रँकबेट सरळ धावत नसेल तर तो लगेच टाकाऊ ठरवू नये. होडीच्या कडेला पाच-सहा फूट दोऱ्यावर त्याला ओढून पाहावे. तो उजवीकडे पळत असेल तर लिप आपल्याकडे करून धरावा आणि कडी चिमट्याने किंचित, अगदी केसभर, त्याच्या पळण्याच्या विरुद्ध बाजूला वाकवावी. मग पुन्हा ओढून पाहावे. महागड्या क्रँकबेटलाही ही शुश्रूषा लागते, आणि खडकावर आपटल्यावर किंवा मोठा मासा काढल्यावर तर हमखास. रंग उडाला असेल तर पक्क्या शाईचे पेन आणि वरून नखांना लावायचे पारदर्शक पॉलिश पुरते. बाल्साच्या क्रँकबेटला चीर गेली असेल तर तो आधी पूर्ण वाळू द्यावा आणि मगच चीर बुजवावी, नाहीतर पाणी आत कोंडले जाते. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी 1936 साली आपला पहिला क्रँकबेट बुचाचा कोरला, त्याला चॉकलेटभोवतीचा चंदेरी कागद गुंडाळला आणि वरचा थर छायाचित्रांच्या निगेटिव्ह वितळवून दिला. नखांच्या पॉलिशची लाज वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझ्याकडे होडी नाही. शरद ऋतूत ईरी सरोवराच्या ओहायोकडील धक्क्यांवर रात्री लोक वॉलआय पकडतात, असे ऐकले. त्यासाठी कोणता क्रँकबेट घ्यावा? फार तर तीन घेता येतील.

उत्तर : तीन पुरे आहेत, आणि तिन्ही एकाच जातीचे घ्यावेत, म्हणजे पहिल्या पत्राला दिलेल्या सल्ल्याच्या अगदी उलट. कारण इथे खोलीचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून पाणी थंडावते, गिझर्ड शॅड आणि एमराल्ड शायनर हे लहान मासे बंदरांच्या आणि नदीमुखांच्या आडोशाला गोळा होतात, आणि मोठे वॉलआय अंधार पडल्यावर त्यांच्या मागे उथळ पाण्यात येतात. ह्युरॉन, लोरेन आणि क्लीव्हलंड येथील धक्क्यांवर म्हणूनच नोव्हेंबरातल्या रात्री दिव्यांची रांग दिसते.

अशा वेळी साडेचार ते साडेपाच इंच लांबीचा, आखूड लिपचा आणि थांबवल्यावर पाण्यात अधांतरी राहणारा मिनो घ्यावा. रापालाचा हस्की जर्क हा त्यांतला नेहमीचा. तो इतका हळू ओढावा की आपलाच धीर सुटेल, आणि रिळाच्या दर पाच-सहा फेऱ्यांनंतर हात क्षणभर थांबवावा. मासा पुष्कळदा त्या थांबण्यातच धरतो. तरंगता क्रँकबेट थांबताच वर येऊ लागतो, म्हणून इथे अधांतरी राहणाऱ्याला दोन डॉलर अधिक द्यायला हरकत नाही. आधीच तरंगता घेतला असेल तर पोटाला गळाच्या पुढे शिशाच्या चिकटपट्टीचा लहान तुकडा लावून, घरच्या बादलीत पाहून, त्याला हव्या त्या समतोलावर आणता येते. मात्र थंड पाणी अधिक दाट असते, तेव्हा ही चाचणी सरोवराइतक्याच गार पाण्यात करावी. रंगांपैकी एक चंदेरी, एक पोपटी-नारिंगी, आणि तिसरा पहिल्या दोहोंपैकी जो लागेल त्याचीच प्रत. धक्क्याच्या दगडांत त्या रात्री चालणारा एकमेव क्रँकबेट अडकून तुटण्याचे दुःख ज्यांनी भोगले आहे, त्यांना तिसऱ्याचे कारण सांगावे लागणार नाही. धक्का पाण्यापासून उंच असतो, म्हणून लांब दांड्याचे जाळे सोबत असावे. नसेल तर शेजाऱ्याचे कुठे आहे, ते आधीच विचारून ठेवावे.

प्रश्न : खडकांत आणि बुडालेल्या लाकडांत अडकून दर मोसमाला सात-आठ क्रँकबेट जातात. हा खर्च कसा टाळावा? — मिशिगनमधील एक वाचक

उत्तर : अडकल्यावर जोराने ओढणे हे पहिले पाप, कारण त्याने गळ लाकडात आणखी रुततो. आधी दोरा सैल सोडावा. क्रँकबेट तरंगता असेल तर तो पुष्कळदा मागे सरकून आपोआप सुटतो आणि वर येतो. न सुटल्यास होडी अडकलेल्या जागेच्या पलीकडे न्यावी आणि आला त्याच्या उलट दिशेने हलकेच ओढावे.

तरीही तो जागचा हलला नाही तर वजन वापरावे. तीन-चार औंसांचे शिशाचे वजन किंवा मोटारीचा जुना स्पार्क प्लग मोठ्या स्नॅपने मासेमारीच्या दोऱ्यात अडकवावा, त्याला स्वतंत्र जाड सुतळी बांधावी, होडी बरोबर क्रँकबेटच्या माथ्यावर आणावी, दोरा ताठ धरावा आणि वजन खाली सोडावे. ते लिपवर आदळले की धक्क्याने गळ निसटतो. पहिल्या खेपेस नाही तर वजन फूट-दोन फूट उचलून पुन्हा सोडावे. सुतळी विसरू नये, नाहीतर दोरा तुटला तर वजनही जाते. याखेरीज तळाला लागणाऱ्या क्रँकबेटच्या पुढच्या तीनटोकी गळाचे पुढे तोंड केलेले टोक कापून टाकले तर अडकणे बरेच कमी होते. होडी थांबवण्याआधी दोरे गुंडाळण्याची सवयही लावून घ्यावी. बुडणारे क्रँकबेट आणि वजन लावलेले दोरे होडी थांबताच तळाशी जाऊन बसतात, आणि आपण पत्रात सांगितलेल्या सात-आठांपैकी दोन-तीन तरी माशाशी झुंजताना दुसऱ्या दोऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे गेले असावेत, असा माझा अंदाज आहे.